संगीतकाराचं स्त्रीलिंग

गायकाचं स्त्रीलिंग गायिका, लेखकाचं लेखिका, कवीचं कवयित्री. यातला शेवटचा शब्द शुद्ध लिहिणारी माणसं पुण्यातही आता फारशी उरलेली नाहीत, पण तो राग पुन्हा कधीतरी काढेन. प्रश्न संगीतकाराचा आहे. त्याचं स्त्रीलिंग मराठीत नाही. 'संगीतकर्ती' लिहून पाहिलं, तर ती कुठल्याशा देवीच्या आरतीतून उठून आल्यासारखी वाटली. 'स्त्री-संगीतकार' म्हटलं की बसमधली महिलांसाठी राखीव जागा आठवते. 'संगीतकारीण' म्हणाले तेव्हा माझा नवरा हसला, आणि तो सहसा हसत नाही.

जर्मनमध्ये ही पंचाईतच नाही. कुठल्याही कामाच्या नावाला शेवटी 'इन' जोडलं की बाई तयार. कोम्पोनिस्ट म्हणजे संगीत रचणारा, कोम्पोनिस्टिन म्हणजे रचणारी. मी नोकरीची सगळी वर्षं पुण्यात जर्मन शिकवलं. पूर्वी हौसेनं शिकणारे यायचे, नंतर नंतर 'मॅडम, फक्त व्हिसापुरतं करून द्या' म्हणणारे आयटीतले. त्या सगळ्यांसाठी हा 'इन' मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिला. त्या दोन अक्षरांपायी एका बाईंनी आपलं आयुष्य घातलं, हे मात्र मला निवृत्त झाल्यावर, त्यांचं पुस्तक मराठीत करायला घेतलं तेव्हा कळलं.

त्या बाई म्हणजे जर्मनीतल्या एक संगीत-इतिहासकार. (इतिहासकारालाही स्त्रीलिंग नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.) आज त्या ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे वडील एका लहान गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. युद्धातून परतले ते हातांना कंप घेऊन. मग रविवारी ऑर्गनवर ही मुलगी बसायची आणि वडील शेजारी उभे राहून स्वरलिपीची पानं उलटायचे. ऑर्गन वरच्या सज्जात असतो, खाली बसलेल्यांना वाजवणारा दिसत नाही. प्रार्थना संपली की पाद्री वडिलांचे जाहीर आभार मानायचे आणि वडील सज्जातून मान लववायचे. त्या वेळी आपल्याला यात काहीच खटकलं नाही, असं बाई प्रांजळपणे लिहितात. वडिलांची नोकरी टिकली, घर चाललं, एवढंच त्यांना कळत होतं.

पुढे त्या विद्यापीठात गेल्या. बायकांनी रचलेलं संगीत हा विषय घेऊन प्राध्यापकांकडे गेल्या, तेव्हा ते म्हणाले, विषय उत्तम आहे, जेवणानंतर सुरू केलात तर चहापर्यंत संपेल. हा माणूस पुण्यात जन्मायला हवा होता. बाईंनी वाद घातला नाही. शाळेत संगीत शिकवायची नोकरी धरली आणि सुट्ट्यांमध्ये जुन्या मठांची, संस्थानिकांची, चर्चची ग्रंथालयं पालथी घालायला सुरुवात केली. भावाच्या नावावर छापलेल्या बहिणीच्या रचना त्यांनी शोधल्या, नवऱ्याच्या नावावर खपलेल्या बायकोच्या शोधल्या. पण त्यांचं खरं काम याहून मोठं आहे. बायकांत थोर संगीतकार का झाल्या नाहीत, हा ठरलेला प्रश्न त्यांनी बाजूला सारला आणि दुसरेच प्रश्न विचारले. रचना शिकवायच्या वर्गात मुलींना बसू देत होते का? झग्यात आणि आवळलेल्या कमरेत कुठली वाद्यं वाजवता येत होती? थोर पुरुष पियानोवर बसला असताना त्याच्या पोरांचा शेंबूड कोण पुसत होतं? संगीताच्या इतिहासात त्यांनी स्वयंपाकघर आणून ठेवलं. हे संगीतशास्त्रच नव्हे, असं विद्यापीठातले लोक म्हणाले. कायमची प्राध्यापकी त्यांना मिळाली नाही. जेवणाचं टेबल कागदांना दिल्यामुळे त्या कित्येक वर्षं ओट्याशी उभ्यानं जेवल्या. जग त्यांच्या दारात आलं ते त्या निवृत्त झाल्यावर.

या पुस्तकातल्या एका प्रकरणानं माझा घाम काढला. ते एकाच शब्दावर आहे: लीबहाबरिन. शब्दशः पाहिलं तर प्रेम करणारी. जुन्या काळी रसिकतेनं, पोटासाठी नव्हे, संगीत करणाऱ्याला लीबहाबर म्हणत, आणि उमरावांना तो शब्द मानाचा वाटे. तोच बाईला लावला की त्याचा अर्थ फिरायचा. काय, तर घरकाम आटोपून करते हो काहीतरी, कौतुक करा आणि विसरा. हा शब्द मराठीत कसा आणायचा? 'रसिका' चाललं नसतं, 'छांदिष्ट' तर नाहीच. शेवटी मला 'हौस' सापडला. हौस हा बरोब्बर तोच शब्द आहे. पुरुषानं हौस केली तर तो हौशी नाटकमंडळी काढतो, बाईनं केली तर ती हौसेनं रांगोळी काढते. तो शब्द सापडला त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले की नवऱ्याला बाहेर जेवायला घेऊन गेले.

बाईंची एक अट होती. कुठल्याही भाषेत पुस्तक गेलं की शेवटी अनुवादकानं एक प्रकरण स्वतःचं जोडायचं, आपल्या जवळच्या संगीतकार स्त्रियांबद्दल. 'जवळच्या' हाच शब्द त्यांच्या ईमेलमध्ये होता. ईमेल नेहमीप्रमाणे दोन ओळींचं होतं. मी त्याचा अर्थ 'महाराष्ट्रातल्या' असा घेतला आणि ग्रंथालयात जाऊन बसले. जुनी नाटकं, तवायफा, ध्वनिमुद्रिकांचा काळ, सगळं चाळलं आणि एक नीटनेटकं, तळटीपांनी भरलेलं प्रकरण लिहिलं. आपल्याकडे बायका गायल्या पुष्कळ, पण रचना त्यांच्या हाती नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. तो लिहीत असताना मी माझ्या खोलीचं दार लावून घेत होते, कारण स्वयंपाकघरात सासूबाई चाल बसवत होत्या.

आता सासूबाईंबद्दल. माझं माहेर पेठेतलं, सासर धायरीचं. प्रेमविवाह. माझ्या माहेरच्यांना सावरायला बरीच वर्षं लागली, सासरच्यांना एक दुपार पुरली. धायरी गाव होतं तेव्हाची यांची शेती, पुढे तिच्यावर इमारती झाल्या. आम्ही ज्या चौथ्या मजल्यावर राहतो त्याच्याखाली एकेकाळी यांची ज्वारी होती, आणि सासूबाई अजूनही पार्किंगला 'खालचं वावर' म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. आवाज जाड, थोडा फाटका. गावातल्या बायकांचं एक भजनी मंडळ आहे, त्यात त्या लग्न होऊन आल्यापासून आहेत. त्यात त्या गातात कमी. त्या चाली लावतात.

गरीब, अबोल सासू कुणाच्या डोळ्यांसमोर आली असेल तर ती पुसून टाका. या बाई भांडकुदळ आहेत. कात्रजच्या एका मंडळानं आपली चाल चोरली, या कारणावरून त्या मंडळाच्या अध्यक्षबाईंशी त्या अजून बोलत नाहीत. अध्यक्षबाईंच्या नातवाच्या लग्नात जेवून आल्या, पण बोलल्या नाहीत. आणि चाल कशी लावायची याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. अभंगाचे शब्द मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचे (ते मी लिहून द्यायचे) आणि फ्रिजला लोहचुंबकानं लावायचे. सुरुवात शेवटच्या चरणापासून करायची, कारण तिथं बायकांचा दम संपतो. एकीला दमा आहे, तिला श्वास घ्यायला जागा सोडायची. एकीचा वरचा सूर लागत नाही, म्हणून तिथं टाळ जोरात वाजतील अशी तजवीज करायची. आपल्या बायकांना जे जमणार नाही ते चालीत येताच कामा नये. कणीक मळताना, शेंगा सोलताना एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा घोळवायच्या, पुढं न्यायच्या, मोडायच्या, आणि मला वाटायचं, या बाईला दुसरी ओळ येत नाही का?

छापून येण्याआधीची पानं तपासायला घरी आली तेव्हा त्या चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. एवढ्या कागदांत काय आहे, म्हणून विचारलं. मी सांगितलं, बायकांनी गाणी रचली पण त्यांची नावं गेली, ती एका बाईंनी शोधून काढली.

"मंग बरंच की," त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी पानांकडे पाहिलं. "स्पर्धेत पेटीवालीचं नाव घेत्यात, तबल्याला कुणाचं पोरगं बसलंय त्ये बी सांगत्यात. चाल कुणाची त्ये कुणी सांगत न्हाय. तू छाप की ह्याच्यात माझं नाव. बारीक अक्षरात का हुईना."

मी हसले. "आई, ते जर्मन बायकांचं पुस्तक आहे."

"हां, हां," त्या म्हणाल्या आणि कप उचलून गेल्या. त्या ते गमतीनं म्हणाल्या असं मी धरून चालले. बाई गंमत करणाऱ्यातल्या नाहीत, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

त्या वर्षी एक वेगळी गोष्ट घडली होती. धायरीत महिला भजनाची स्पर्धा दर वर्षी होते, तिच्यात पहिल्यांदाच उत्कृष्ट स्वतंत्र चालीसाठी बक्षीस ठेवलं होतं. म्हणजे चाल लावणारीचं नाव व्यासपीठावरून पुकारलं जाणार होतं. सासूबाईंनी घरात याचा उल्लेख केला नाही. फक्त फ्रिजवरचा कागद बदलला आणि कणीक रोजच्यापेक्षा जास्त मळली जायला लागली. त्या चालीसाठी त्यांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी मी एखाद्या प्रकरणासाठीही घेतली नसेल. हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मला फक्त आवाजाचा त्रास होत होता.

पुस्तकाचं प्रकाशन शहरातल्या एका सभागृहात झालं. मंडळाच्या सगळ्या बायका येणार असं सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. त्या दोन रिक्षा आणि एक व्हॅन करून आल्या, मंडळाच्या एकसारख्या मोरपंखी साड्या नेसून, आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. ती रांग निमंत्रितांसाठी होती. निमंत्रित म्हणजे माझ्या जुन्या सहकारी, दोन समीक्षक आणि गाण्यातले म्हणवणारे काही लोक, ते मागे उभे. कुणाच्या तरी पिशवीत टाळ होते, ते हलले की वाजायचे. अध्यक्ष बोलत असताना वाजले, मी बोलत असतानाही वाजले. मला लाज वाटली. त्या बायकांची, त्या साड्यांची, त्या टाळांची लाज वाटली, आणि ती मी सगळं भाषण होईपर्यंत चेहऱ्यावर येऊ दिली नाही याचा मला अभिमानही वाटत होता.

भाषण मात्र चांगलं झालं. बाईंचं आयुष्य सांगितलं. सज्जातल्या ऑर्गनची गोष्ट सांगितली. मोरपंखी रांगेतून कुणीतरी "अगं बाई" असं म्हणालं. मग प्रश्नोत्तरं. पुण्यात प्रश्न कुणी विचारत नाही, मुद्दे मांडतात. एक गृहस्थ उठले, दोन मुद्दे मांडतो म्हणून त्यांनी चार मांडले आणि शेवटी विचारलं, "बाई, जर्मनीचं कळलं. मराठीतल्या अशा संगीतकार स्त्रियांची नावं सांगा. आहेत का?"

मी माझ्या प्रकरणाचा निष्कर्ष सांगितला. आपल्याकडे गाणाऱ्या झाल्या, रचणाऱ्या दुर्दैवानं नाहीत. निदान आपल्या माहितीत नाहीत. अजून संशोधन व्हायला हवं.

तेवढ्यात मंडळाच्या पेटीवाल्या बाई उठल्या. सासूबाईंच्या वयाच्याच, कधीच हळू न बोलणाऱ्या. त्यांना माईक कुणी दिला नाही, लागलाही नाही. "न्हाईत कशा? ह्या काय, हितंच बसल्यात. आमच्या समद्या चाली ह्यांच्याच हायेत. तुमच्याच घरात ऱ्हात्यात की ओ!"

सभागृह हसलं. वाईट हसलं असं नाही, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, माना वळवून सासूबाईंना पाहिलं. आणि सासूबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, हात जोडले, आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. आता मी काहीतरी सांगेन, म्हणून. माझे कान तापले होते. समीक्षकांपैकी एक शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलत होते. मी माईक जवळ ओढला आणि हसत म्हणाले, "हो, हो, या आमच्या सासूबाई. भजनांना हौसेनं चाली लावतात. पण आज आपण बोलतोय ते संगीतरचनेबद्दल."

हौसेनं. ज्या शब्दासाठी मी इतकी झगडले होते, जो सापडल्यावर बाहेर जेवायला गेले होते, तो माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला की जणू त्याची जागा आधीच तिथं तयार असावी. शब्द गेल्यावर एका क्षणात मला कळलं. समोर टेबलावर पुस्तकाच्या प्रती होत्या आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण याच वाक्यावर होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुस्तक अजून कुणी वाचलेलं नव्हतं. पुढचा प्रश्न आला. सासूबाई उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या.

परतताना गाडीत त्या मागे बसल्या होत्या. एरवी सिंहगड रस्त्याच्या गर्दीत त्या गुणगुणतात, नवऱ्याला त्याचा राग येतो. त्या दिवशी त्यानंच दोनदा मागे वळून पाहिलं. धायरी फाट्याशी त्या म्हणाल्या, "चहा बरा व्हता." घरी आल्यावर नवरा बूट काढताना मला म्हणाला, "तुझ्या त्या जर्मन बाईंना सांगशील ना, कार्यक्रम कसा झाला ते?" आणि आत निघून गेला.

जर्मन बाईंचं ईमेल दुसऱ्याच दिवशी आलं. कार्यक्रम कसा झाला, आणि जवळच्या स्त्रियांबद्दल लोकांनी काय विचारलं? मी लिहिलं, फार छान झाला, प्रतिसाद उत्तम. त्यांनी उत्तर दिलं, अभिनंदन, आनंद वाटला. मी पुन्हा काही लिहिलं नाही. या बाई वयाच्या ऐंशीनंतरही आपल्या पुस्तकातल्या चुका नव्या आवृत्तीत स्वतःच जाहीर करतात. आणि मी त्यांना दोन ओळींचं खोटं लिहिलं.

स्वयंपाकघर गप्प झालं. फ्रिजवरचा कागद तिथंच होता, चाल बसून झाली होती, मंडळात त्या शिकवून येत होत्या. पण घरात त्यांनी तोंडातून सूर काढला नाही. मी दार उघडं ठेवून काम करायला लागले. एकदा तर ओट्याशी जाऊन शेंगा सोलायला बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, हल्ली चाल घरात म्हणत नाही तुम्ही?" त्या म्हणाल्या, "तुला आवाजाचा तरास हुतो ना?" त्यात टोमणा नव्हता. त्यांनी मला माझ्या अडचणीची आठवण करून दिली, एवढंच. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण शेंगा अर्ध्या राहिल्या होत्या.

माफी मी मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि "आगं, त्यात काय?" म्हणाल्या. पुढच्या आवृत्तीत तुमच्यावर प्रकरण लिहिते, असंही मी म्हणाले. मराठी पुस्तकाची पुढची आवृत्ती! पण मी खरंच लिहिणार होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात नको आता." एवढं बोलून त्यांनी कुकर लावला.

स्पर्धेच्या निवेदनाला आयोजकांनी मला बोलावलं. लेखिका म्हणून. मी लगेच हो म्हणाले, कारण मला त्यात माझी सुटका दिसली. प्रत्येक मंडळ गायला बसण्याआधी निवेदिकेनं मंडळाचं नाव, अभंग आणि चाल कुणाची ते सांगायचं, असं यंदा ठरलं होतं. सभागृहात जे नाव मी घेतलं नाही ते मंदिराच्या मंडपात, साऱ्या धायरीसमोर, मी घेणार होते. कसं म्हणायचं ते मी आरशासमोर ठरवलं. 'संगीतकार' असा शब्द वापरायचा, लिंगाचं काय व्हायचं ते होवो.

मंडपात गर्दी होती. मंडळं एकामागून एक बसत होती, उठत होती. प्रत्येकीची चाल मी पुकारत होते: अमुक मंडळ, स्वतंत्र चाल, तमुक बाई. जिचं नाव यायचं ती बाई लाजायची, शेजारणी तिला कोपरानं ढोसायच्या. काहींच्या चालीला मी 'पारंपरिक' म्हणत होते. पारंपरिक म्हणजे कुणाची ते माहीत नाही, आईनं म्हटली, आजीनं म्हटली, आपणही म्हणतो. जर्मन पुस्तकाच्या पानापानावर याच अर्थाचा एक शब्द येतो, आणि त्याच्यामागे जाऊन बाईंनी एकेक माणूस बाहेर काढला आहे.

आमचं मंडळ सतरंजीवर बसत होतं तेव्हा सासूबाई माझ्यापाशी आल्या. मोरपंखी साडी, कपाळाला बुक्का. "चाल पारंपरिक म्हण," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, असं कसं? तुमची चाल आहे. बक्षीस आहे तिला. मी नाव घेणार आहे तुमचं."

"हौसेची हाय ना?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "हौसेला नाव कशाला लागतंय?"

"आई, मी चुकले. त्याची शिक्षा स्वतःला का करून घेता?"

"शिक्षा न्हाय. मला नकोय आता." मग माझ्या हातातल्या माईककडे पाहून म्हणाल्या, "आन् त्ये तुझ्या हातात हाय म्हून तर आजिबात नको. सांगितलंय त्येवढं म्हण."

त्या जाऊन बसल्या. पेटीवाल्या बाईंनी सूर धरला. सगळा मंडप माझ्याकडे पाहत होता. मी नाव घेऊ शकत होते. माईक माझ्या हातात होता, मला कुणी थांबवलं नसतं, आणि टाळ्याही भरपूर पडल्या असत्या. पण त्या टाळ्या माझ्यासाठी झाल्या असत्या. सुनेचं किती मोठं मन, असं लोक म्हणाले असते. एकदा त्यांच्याबद्दल त्यांना न विचारता बोलले होते. आता त्या स्पष्ट सांगून गेल्या होत्या, तरी पुन्हा माझंच खरं करायचं? मी मंडळाचं नाव घेतलं, अभंग सांगितला, आणि म्हणाले, "चाल, पारंपरिक."

चाल मी पहिल्यांदा पुरी ऐकली. पहिला चरण साधा, चालत्या पावलांचा. दम्याच्या बाईंसाठी सोडलेली जागा मला ऐकू आली, तिथं सगळ्याच जणी थांबत होत्या आणि त्या थांबण्यालाच अर्थ आला होता. वरच्या सुरापाशी टाळ कडाडले. शेवटच्या चरणात, जिथं दम संपायचा, तिथं चाल खाली येऊन इतकी शांत झाली की मंडपातली पोरंसोरंही गप्प झाली. मी बाजूला उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून पुढच्या मंडळाचा कागद मी चेहऱ्यासमोर धरला.

मंडळाला गाण्याचं दुसरं बक्षीस मिळालं. चालीचं बक्षीस कात्रजच्या मंडळाला गेलं.

प्रसाद वाटताना पुढच्या रांगेतल्या एक बाई आमच्याजवळ आल्या. शहरातल्या, नीटनेटक्या, गाण्याची जाण असलेल्या दिसत होत्या. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, द्रोणातला शिरा खात. त्या बाई मला म्हणाल्या, "अहो, किती वर्षांनी ही चाल ऐकली! माझी आजी म्हणायची. अगदी हीच. हल्ली कुठं ऐकायला मिळतात अशा जुन्या चाली?"

ती चाल दोन महिन्यांपूर्वी या जगात नव्हती. मी तोंड उघडलं.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "लई जुनी हाय."

बाईंनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं. निवेदिका मी होते. मी हो म्हणाले.